हेराल्डचं पासिंग आणि खारा वारा

माझी स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स कारची बहीणच. दोघींच्या चासीचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचं, घराणं एक. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी. मालवणात पासिंगआधी इंजिनापेक्षा पत्रा बघावा लागतो.

हेराल्डची बॉडी चासीवर बोल्टने कसलेली असते. मधल्या कण्यातून बाजूला निघालेले हात, म्हणजे आउटरिगर, तिला पेलतात. चिखल आणि खारं पाणी नेमकं तिथेच साठतं. इन्स्पेक्टरने खाली वाकून तेच दाखवलं. पेचकस टोचला, आरपार!

मिस्त्री म्हणाला, "वरसून पट्टी मारून देतंय, कोणाक कळाचा नाय." मी ठाम नकार दिला. गंजावर वेल्ड धरत नाही, आणि हा सांगाडा आहे, शोभेचा पत्रा नाही. आधी बॅटरी काढली. दारांच्या फटी बिघडू नयेत म्हणून चासीला समपातळीत टेकू दिले. चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापलं, तेवढ्याच जाडीचा पत्रा जोडला. बाहेरून झिंक प्रायमर, आतून मेणाचं गंजरोधक; पाणी निघायची भोकं मोकळी ठेवली.

ब्रिटनमध्ये २०१८ पासून ४० वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी, म्हणजे तिथली पासिंगसारखी तपासणी, सक्तीची नाही. मला तरी ही सूट पटत नाही. जुन्या गाडीखाली परक्या नजरेने बघायलाच हवं.

मंद दिव्यांचं कारण गंजलेलं अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थ वायर दिली, हँडब्रेकची केबल ताणली आणि गाडी पास झाली.