विंडोज १० बंद झालं, आता जुन्या लॅपटॉपवर काय टाकायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ठणठणीत लॅपटॉप भंगारात काढायची वेळ आली असं लोकांना वाटायला लागलंय, तसं अजिबात नाहीये. फक्त कुठलं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, तिचे बरेच प्रकार आहेत) टाकू हे विचारायच्या आधी तुम्ही त्यावर करता काय ते बघा. श्रीलिपीत डीटीपी किंवा टॅली रोज लागत असेल तर ते काम विंडोजवरच राहू द्या. ब्राउझर, ऑफिसच्या फाइली, व्हिडिओ, थोडं कोडिंग एवढंच असेल तर बिनधास्त या इकडे.

पहिल्यांदाच येताय तर लिनक्स मिंट घ्या, ४ जीबी रॅम असेल तर त्याचं हलकं एक्सएफसीई एडिशन. आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) डाउनलोड करा, रुफस नावाच्या विंडोजवरच्या छोट्या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा (पेनड्राइव्हवरचं सगळं उडतं, आधी काढून ठेवा) आणि त्यावरून लॅपटॉप सुरू (बूट) करा, इन्स्टॉल दाबत नाही तोवर हार्डडिस्कला हात लागत नाही. आता नीट तपासा. वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं बघा, मग झाकण बंद करून पाच मिनिटांनी उघडा, कारण स्लीपमधून उठताना स्क्रीन काळीच राहणं किंवा टचपॅड मरणं हे नेमके त्रास आहेत जे इन्स्टॉल केल्यावर कळतात आणि माणूस वैतागून परत जातो. ब्रॉडकॉमची वायफाय चिप बरेचदा अडते, तेव्हा मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा (म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला द्या) आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडून 'दऱ्या', 'ज्ञानेश्वर' टाइप करून बघा, ब्राउझरमध्येही आणि लिबरऑफिस या फुकट ऑफिस पॅकेजमध्येही.

सारखे बदल नको असतील तर डेबियन हे लिनक्स, साधारण दोन वर्षांनी नवीन आवृत्ती येते आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून वायफायचं फर्मवेअर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच मिळतं, त्यामुळे जुनी रडारड बरीच कमी झालीये. हार्डवेअर नवं असेल तर फेडोरा, पण एका आवृत्तीला जेमतेम १३ महिने सपोर्ट, म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड आलंच. आर्च हे आणखी एक लिनक्स, ते नंतर बघू.

बीएसडी, म्हणजे लिनक्ससारख्याच पण वेगळ्या फुकट सिस्टिमचं कुटुंब, मला मनापासून आवडतं. लिनक्स म्हणजे खरं तर नुसता कर्नल (सिस्टिमचा गाभा), बाकीचं प्रत्येक डिस्ट्रो (मिंट, डेबियनसारखा लिनक्सचा तयार संच) आपापलं जुळवतं, फ्रीबीएसडी या बीएसडीत मात्र कर्नल आणि मूळ टूल्स एकाच प्रोजेक्टची, म्हणून हँडबुकात लिहिलंय तसंच समोर दिसतं आणि शिकायला खूप मजा येते. पण लॅपटॉपचं वायफाय आणि स्लीप चालेलच याची खात्री नाही, ओपनबीएसडीत तर ब्लूटूथच नाही, २०१४ मध्येच काढून टाकलं. तेव्हा घरात जादा डेस्कटॉप असेल तर लॅनची केबल लावून त्यावर टाका, रोजच्या कामाच्या मशीनवर नको.

ठरलं की फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, आणि विंडोज शेजारी ठेवणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय बायोसमधलं सिक्युअर बूट (फक्त मान्य सिस्टिमच सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद करू नका.