चार्ज ऑर्डरिंग बघायचंय? आधी लँथॅनम ऑक्साइड भाजून घ्या

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी थरांचं मँगनाइट (मँगनीज असलेलं, थराथरांनी रचलेलं ऑक्साइड) हवं असेल, तर मी इथल्या मुलांना एकच संयुग सुचवते: लँथॅनम ०.५, स्ट्रॉन्शियम १.५, मँगनीज १, ऑक्सिजन ४. यात मँगनीजचा सरासरी भार +३.५ येतो, म्हणजे ढोबळमानाने निम्मे अणू +३ आणि निम्मे +४. साधारण २२० केल्विनखाली हे दोन प्रकार थरात बुद्धिबळाच्या पटासारखे आलटूनपालटून बसतात; हेच चार्ज ऑर्डरिंग. त्यांचे स्पिन (अणूंची चुंबकीय दिशा) मात्र ११० केल्विनच्या आसपास प्रतिलोहचुंबकीय रचनेत, म्हणजे एकमेकांना रद्द करतील अशा विरुद्ध दिशांना, येतात. दोन्ही तापमानं द्रव नायट्रोजनच्या आवाक्यातली, त्यामुळे सोलापुरात बसून हेलियमची वाट बघावी लागत नाही.

पण निम्मे-निम्मे हे प्रमाण ढळलं की पट विस्कटतो, आणि ते ढळतं तराजूवरच.

संयुगासाठी लागणारा कच्चा माल, लँथॅनम ऑक्साइड, हवेतलं पाणी ओढून हायड्रॉक्साइड बनतं. ‘आपल्याकडची हवा कोरडी, इथे काय होतंय’ असं म्हणून बाटलीतली पूड थेट तोलू नका. सप्टेंबरच्या पावसात तर मुळीच नको. पूर्ण हायड्रॉक्साइड झालेल्या पुडीच्या वजनात सुमारे १४ टक्के नुसतं पाणी असतं! म्हणून ती ९०० ते १००० अंश सेल्सिअसला रात्रभर भाजा, गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, निवली की लगेच तोला. तोलताना पंखा बंद, मे महिना असला तरी.

५ ग्रॅमसाठी लँथॅनम ऑक्साइड १.२७३४, वाळवलेलं स्ट्रॉन्शियम कार्बोनेट ३.४६२१ आणि मँगनीज डायऑक्साइड १.३५९२ ग्रॅम घ्या. अगेटच्या खलात ऍसिटोन घालून मनापासून घोटा. ११०० ते १२०० अंशांना भाजा, पुन्हा घोटा, पेलेट (पुडीची वडी) दाबा, मग १४०० च्या आसपास न्या. एका भाजणीत भागत नाही.

एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) स्फटिकाच्या एककाची लांबी ए सुमारे ३.८६ आणि सी सुमारे १२.४ अँगस्ट्रॉम यायला हवं. जास्तीचं शिखर ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडू नका. ते पेरोव्स्काइट मँगनाइटचं (वेगळ्या स्फटिकरचनेच्या मँगनाइटचं) असेल तर ती फेज, म्हणजे तो मिसळलेला वेगळा पदार्थ, लोहचुंबकीय असू शकते, आणि तिचा लहानसा अंशही चुंबकनाच्या मोजमापात बाकी सगळं झाकून टाकतो.

रोध चार-प्रोबने (चार टोकं लावून) मोजा, तापमान सावकाश बदला. रोधाचा लॉग विरुद्ध १/टी (टी म्हणजे तापमान) असा आलेख काढला की २२० केल्विनजवळ उतार बदलतो. पुडीच्या पेलेटमध्ये हा बदल बोथट असतो, म्हणून डेरिव्हेटिव्ह काढून बघा.

चुंबकनही त्याच तापमानाला खाली घसरतं, आणि बहुतेक मुलं तिथेच नील तापमान (स्पिन प्रतिलोहचुंबकीय होण्याचं तापमान) लिहून मोकळी होतात. तसं करू नका. ती घसरण चार्ज ऑर्डरिंगची आहे. ११० केल्विनच्या स्पिनरचनेसाठी न्यूट्रॉन विवर्तनच (पुडीवर न्यूट्रॉन सोडून त्यांचं विखुरणं बघणं) लागतं. आपल्याकडे ते ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर होतं आणि त्याला काही ग्रॅम पूड लागते, म्हणून पहिल्यापासूनच ५ ग्रॅम बनवा.