ईपीएबीएक्सच्या कामात येताय? आधी जोडी ओळखायला शिका

डिचोलीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेली मुलं हॉटेलांच्या ईपीएबीएक्सच्या, म्हणजे आतल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या, कामाला लागली की पहिल्याच आठवड्यात प्रोग्रामिंग शिकवा म्हणतात. ते येईलच. त्याआधी मल्टिमीटर हातात घ्या आणि तारांची कुठली जोडी वीज देते, कुठली घेते, हे पक्कं करा.

एक्स्टेन्शन कार्ड, म्हणजे एफएक्सएस, खोलीतल्या फोनला वीज पुरवतं. रिसीव्हर ठेवलेला असताना मोठ्या सिस्टिमवर साधारण 48 व्होल्ट डीसी दिसतात, उचलला की ते दहाच्या आसपास उतरतात. रिंगही हेच कार्ड देतं आणि तेव्हा त्याच तारांवर 70-80 व्होल्ट एसी असतो, म्हणून उघडी तार बोटात धरू नका. ट्रंकचं, म्हणजे बाहेरच्या लाइनचं, कार्ड (एफएक्सओ) याच्या अगदी उलट: टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजकडून आलेली वीज आणि रिंग ते घेतं. दिसायला दोन्हीकडे दोनच तारा. बाहेरची लाइन चुकून एक्स्टेन्शन पोर्टवर गेली तर दोन्ही बाजूंनी वीज येते, आणि बाहेरून रिंग आली की पोर्ट जळू शकतो.

पीआरआय, म्हणजे डिजिटल ट्रंकच्या, कार्डाला इथे फार वेळ देत नाही. एका 2 एमबीपीएस लिंकवर 30 कॉल, एवढं सुरुवातीला पुरे. आता अनेक ठिकाणी एसआयपी ट्रंक, म्हणजे डेटा नेटवर्कवरून चालणाऱ्या बाहेरच्या लाइन, येतात, पण खोलीत साधा फोन असेल तर शेवटी एफएक्सएस पोर्ट लागतोच.

कांदोळीच्या एका रिसॉर्टमधली तक्रार सांगतो, कारण ती सगळीकडे भेटते. ‘बाहेरून फोन लागत नाही.’ जाऊन पाहिलं तर कोणी बोलत नसताना ट्रंक बिझी. फोन करणाऱ्याने ऑटो अटेंडंट, म्हणजे आपोआप वाजणारा रेकॉर्ड केलेला संदेश, ऐकता ऐकता फोन ठेवला होता, पण कार्डाला ते कळलंच नव्हतं. कॉल संपल्यावर एक्स्चेंज लाइनची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटवत नसेल, तर कार्डाने बिझी टोन ओळखून लाइन सोडायची असते. आपल्याकडे तो 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. कार्डात परदेशी टोनची सेटिंग राहिली तर ते ओळखणार कसं? देशाची टोन सेटिंग बदलली आणि ट्रंक सुटू लागली. बिचाऱ्या रिसेप्शनिस्टने तोवर किती बोलणी खाल्ली असतील!

गोव्यात कार्डांचा खरा वैरी म्हणजे पावसाच्या तोंडावरचा गडगडाट. कॉटेजपर्यंत गेलेल्या लांब केबलमधून विजेचा झटका थेट कार्डावर येतो. एमडीएफवर, म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडतात त्या पेटीत, क्रोन मॉड्यूलला (तारा बसवायच्या पट्टीला) झटका अर्थिंगकडे वळवणारी गॅस ट्यूब लावा, पण अर्थिंग धड नसेल तर ती झटका पाठवणार कुठे? आपल्या चिऱ्याच्या कातळात अर्थिंग सहज मिळत नाही. खड्डा खोल हवा, उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला हवं, आणि मे महिना उजाडायच्या आत अर्थ टेस्टरने मोजायला हवं. हा खर्च मालकाला पटवून देणं हेसुद्धा आपलंच काम, असं मी मानतो.

किनाऱ्यावर खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं आणि फोनवर खरखर येते. अशा वेळी कार्ड बदलायला धावू नका. क्रोनच्या जोडीत डिस्कनेक्शन प्लग घालून बाहेरची केबल वेगळी करा, कार्डाच्या बाजूला टेस्ट फोन लावून ऐका. आवाज स्वच्छ आला तर दोष बाहेरच्या केबलमध्ये आहे. कुठली जोडी कुठल्या खोलीची, याचा तक्ता एमडीएफच्या दाराला आतून चिकटवलेला असला की पुढचा शोध लवकर लागतो.