रक्तदाता खूश होऊन गेला, मग परत का आला नाही? शिबिरातल्या या चुका टाळा

शिबिर आटोपलं की आयोजकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती पिशव्या झाल्या?" रक्तपेढीचा टेक्निशियन म्हणून मी शिबिरांना जातो, आणि मला जास्त काळजी वाटते ती आज पहिल्यांदा आलेल्यांची. त्यांतले किती पुन्हा येतील? मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, लोक गावी जातात, रक्ताचा तुटवडा पडतो. तेव्हा हाकेला धावून येतो तो सवयीचा दाताच.

अभिप्रायाचा फॉर्म

प्रमाणपत्र, कॉफी आणि बिस्किटांच्या पुड्याबरोबरच फॉर्मही पुढे सरकवला जातो. सेवा कशी वाटली? उत्तम, चांगली, बरी, वाईट. सुई टोचणारा समोरच उभा असताना आपल्याकडे कोण "वाईट" वर खूण करणार? वरपासून खालपर्यंत "उत्तम" येतं आणि अहवालात "दात्यांचं समाधान भरघोस" असं लिहून आपण मोकळे होतो.

फॉर्म बिननावी ठेवा आणि पेटीत टाकायला सांगा. त्याहून बरं म्हणजे दोन-तीन दिवसांनी फोन करा, कारण दंड काळानिळा पडलेला दुसऱ्या दिवशीच दिसतो. प्रश्नही नेमके हवेत: किती वेळ थांबावं लागलं? सुई किती वेळा टोचली? घरी जाताना गरगरलं का? "समाधानी आहात का?" या प्रश्नाच्या उत्तरातून दुरुस्त करण्याजोगं काहीच हाती लागत नाही.

ज्यांना फॉर्म मिळतच नाही

सगळ्यात मोठी चूक इथे होते. ज्यांनी रक्त दिलं त्यांनाच आपण विचारतो. ज्यांना परत पाठवलं ते हिशेबातच नसतात.

एका कॉलेजातलं शिबिर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मुलगी पहिल्यांदाच आलेली, मैत्रिणींना ओढून आणलेलं. तिच्या बोटातला थेंब हिमोग्लोबिन तपासायच्या मोरचुदाच्या निळ्या द्रावणात बुडाला नाही, वरच तरंगत राहिला. टेबलावरचा मुलगा रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हिचं रक्त कमी आहे. पुढचा!" ती खाली मान घालून निघाली आणि तिच्या मैत्रिणीही तिच्यामागे गेल्या. मी तेव्हा पिशवीला लेबल लावत होतो. उठून गेलो नाही, याचं आजही वाईट वाटतं.

हिमोग्लोबिन किमान 12.5 लागतं, आणि ते नसेल तर नाही म्हणावंच लागतं. पण बाजूला एक खुर्ची ठेवा, हळू आवाजात सांगा, आकडा कागदावर लिहून द्या, डॉक्टरांना दाखवायला सांगा आणि पुन्हा कधी यायचं तेही सांगा.

नाही म्हणण्याआधी आपली चाचणी नीट झाली का, हे मात्र बघा. मोरचुदाच्या द्रावणाची विशिष्ट घनता 1.053 हवी, थेंब 15 सेकंदांच्या आत बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं आहे. बोट पिळून काढलेल्या थेंबात पेशींभोवतालचं पाणी मिसळतं, न वाळलेलं स्पिरिटही त्यात उतरतं, थेंबात हवेचा बुडबुडा अडकतो. असा थेंब चांगल्या रक्ताचा असूनही तरंगतो. द्रावण सकाळपासून तेच वापरू नका. शंका आली तर मीटरवर पुन्हा तपासा.

भोवळ

रक्त द्यायचं म्हणजे तपासणीसारखं उपाशीपोटी यायचं, असा समज फार पसरलेला आहे. निमंत्रणाच्या मेसेजमध्येच लिहा: जेवून या. सुई टोचण्याआधीच्या अर्ध्या तासात अर्धा लिटर पाणी पाजा. पलंगावर पायांवर पाय ठेवून मांड्या आवळायच्या, मग सैल सोडायच्या, असं करायला लावा. दोन्ही उपाय फुकटचे आहेत आणि त्यांनी भोवळ येण्याचं प्रमाण कमी होतं. तरुण, कमी वजनाचे आणि पहिल्यांदाच रक्त देणारे यांच्याकडे जास्त लक्ष हवं.

पुष्कळांना भोवळ येते ती सुई काढल्यानंतर, कॉफीच्या टेबलापाशी. म्हणून दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवा. बडबडणारा माणूस एकदम गप्प झाला, जांभई देऊ लागला, वरच्या ओठावर घाम फुटला, की तिथेच आडवा करा आणि पाय वर घ्या. खुर्चीत बसवून तोंडाशी कॉफी धरू नका.

आणि कापूस लावून कोपर दुमडायला सांगू नका. हात सरळ ठेवून दाबून धरायला सांगा, म्हणजे काळानिळेपणा कमी होतो.

भेटवस्तूंबद्दल एवढंच सांगतो: भारी वस्तूच्या ओढीने आलेला माणूस आजार लपवू शकतो. पैसे घेऊन रक्त देणं देशात 1998 पासून बंद आहे. पैशांच्या ओढीनेही माणूस आजार लपवतो, हे त्यामागचं कारण विसरू नका.

पुरुष 90 दिवसांनी आणि स्त्रिया 120 दिवसांनी पुन्हा रक्त देऊ शकतात. शिबिर कसं झालं हे त्या तारखेनंतर नोंदवहीत बघावं. माझ्या वहीत आता "परत पाठवलेले" असा वेगळा रकाना आहे. मागच्या शिबिरानंतर त्यातल्या प्रत्येकाला फोन केला. एक बाई म्हणाल्या, "अहो, मला वाटलं माझं रक्त आता कधीच चालणार नाही."