खरी गाडी खेळण्यातली दिसावी म्हणून

मी परभणीचा, घरी १:८७ प्रमाणातलं रेल्वे मॉडेल मांडून बसलेला माणूस. पण मॉडेलसारखा खोटा वाटणारा फोटो हवा असेल तर खऱ्या रुळांकडंच जावं.

आधी उंची गाठा. रस्त्याच्या उड्डाणपुलावर, कठड्याच्या आत उभं राहा; रुळांवर उतरायचं नाही. आभाळ चौकटीतून काढून टाका, ते दिसलं की गाडी लगेच खरी वाटते. वेळ वैशाखातली भर दुपार. सावल्या डब्यांखाली शिरतात, नांगरलेली काळी रानं रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखी सपाट दिसतात, आणि उन्हाला भिऊन चिटपाखरू फिरकत नाही. मधोमध एकच लिंब. मॉडेलवाल्यानं असं झाड लावलं असतं तर आम्हीच हसलो असतो!

इंजिनामागं एकच डबा मिळाला तर सोनंच. बघणारा म्हणतो, 'मॉडेलवाल्याचे पैसे संपले वाटतं.' एकसारख्या वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, रांगही चालते. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी आणणारी गाडी आठवा: टाकीमागं टाकी, सगळ्या एका साच्यातल्या.

नवी, मॉडेलवरच्यासारखी कोरी खडी पडलेला रूळ दिसला तर सोडू नका. फोटो वर-खाली धूसर करून खेळण्यासारखा दाखवणारा फिल्टर मात्र नको, ती लबाडी झाली.