क्षमता दृष्टिकोनाचा अभ्यास सुरू करताना

मानव विकासाकडे वळणारे बहुतेक विद्यार्थी आधी विकास मोजणारे निर्देशांक शिकतात आणि त्यामागचा नीतिविचार, म्हणजे क्षमता दृष्टिकोन, नंतर कधीतरी वाचायचा म्हणून बाजूला ठेवतात. मी अर्थशास्त्रातून या विषयाकडे आलो आणि माझा आग्रह नेमका उलट क्रमाचा आहे. सुरुवात अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांच्या १९७९ सालच्या स्टॅनफर्ड येथील टॅनर व्याख्यानापासून करावी. 'समता कशाची?' हा त्याचा विषय होता. माणसामाणसांची तुलना सुखावरून करावी, की तत्त्वज्ञ जॉन रॉल्स म्हणतात त्याप्रमाणे उत्पन्न, हक्क, संधी अशा प्राथमिक साधनांवरून, हा वाद तिथे सुरू होतो, आणि सेन यांना दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. दोघांचे उत्पन्न सारखे असले, तरी ज्याला चालता येत नाही त्याला त्याच पैशांत तितके फिरता येत नाही. म्हणून हाती काय आहे यापेक्षा त्यातून माणसाला प्रत्यक्षात काय करता येते आणि काय होता येते, हे पाहावे लागते; याच खऱ्या संधींना सेन 'क्षमता' म्हणतात.

या ठिकाणी घाई करू नये, असे मी कळकळीने सांगेन. उपास करणारा आणि उपासमार सोसणारा, दोघांच्याही पोटात अन्न नसते. परंतु पहिल्याला जेवण्याचा पर्याय असतो आणि दुसऱ्याला तो नसतो. साध्य झालेली स्थिती आणि ती निवडण्याचे स्वातंत्र्य यांतला हा फरक ज्याच्या मनात पक्का बसला, त्याला पुढचे वाचन जड जात नाही. सुखाच्या मोजमापावरचा सेन यांचा आक्षेपही मग नीट उलगडतो: दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या अपेक्षाच आवरून घेतात, त्यामुळे त्यांनी व्यक्त केलेले समाधान हा न्यायाचा पुरावा ठरत नाही.

यानंतर तत्त्वज्ञ मार्था नुसबाम यांना वाचावे. त्यांनी दहा मूलभूत क्षमतांची यादी दिली आणि प्रत्येक राज्यघटनेने त्यांची किमान पातळी हमखास द्यावी, अशी भूमिका घेतली. सेन यांनी मात्र अशी कायमची यादी देण्याचे टाळले आणि ती निवड सार्वजनिक चर्चेवर सोपवली. माझा कल सेन यांच्याकडे आहे, तरीही ज्यांचा आवाज त्या चर्चेपर्यंत पोहोचतच नाही त्यांचे काय, या प्रश्नापुढे नुसबाम यांची यादी मला पुन्हा पुन्हा उघडावीशी वाटते.

निर्देशांकांकडे आता यावे. १९९० सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या मानव विकास अहवालात अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवर आधारलेला निर्देशांक आणला, तेव्हा इतके सारे एका आकड्यात बसवण्याबद्दल खुद्द सेन साशंक होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्याला हटवायचे तर तितकाच सोपा आकडा हवा, हे हक यांचे म्हणणे त्यांना पुढे पटले. २०१० पासून वापरात असलेला जागतिक बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक दहा निकषांवर कुटुंबांची वंचितता तपासतो आणि भारित वंचितता (प्रत्येक निकषाला ठरावीक वजन देऊन काढलेली बेरीज) एक तृतीयांश किंवा अधिक असेल तर त्या कुटुंबातील व्यक्तींना दरिद्री मानतो. दोन्ही निर्देशांक मुख्यतः साध्य झालेल्या स्थितीच मोजतात, कारण न निवडलेले पर्याय डोळ्यांना दिसत नाहीत.

सोबतीला तत्त्वज्ञ इंग्रिड रोबेन्स यांचे २०१७ सालचे पुस्तक घ्यावे. ते मोफत वाचता येते आणि या दृष्टिकोनाचा गाभा कोणता व ऐच्छिक भाग कोणता हे स्पष्ट करते. ह्यूमन डेव्हलपमेंट अँड केपेबिलिटी असोसिएशन ही २००४ साली स्थापन झालेली संस्था नव्या संशोधकांसाठी उपयुक्त आहे. पुढे शिक्षण, आरोग्य, अपंगत्व किंवा धोरण-मूल्यमापन यांपैकी कोणत्याही क्षेत्रात काम करायचे असल्यास प्रश्नावली लिहितानाच एक जागा राखून ठेवावी: एखादी व्यक्ती नोकरी करत नाही एवढी नोंद करून न थांबता, तिला ती करायची होती का, आणि ठरवले असते तर तिला कोणी किंवा कशाने अडवले असते, हेही विचारावे.