घर घेण्याची तयारी: इसार (सौदा पक्का करताना द्यायची आगाऊ रक्कम) देण्याआधी या चुका टाळा

घर मनात भरल्यावर मांडलेला हिशेब बहुधा त्या घराच्या बाजूनेच लागतो, म्हणून घरे पाहायला निघण्यापूर्वीच तो मांडून ठेवावा.

सर्वाधिक महागात पडणारी चूक म्हणजे बँक जेवढे कर्ज देईल तेवढे आपल्याला परवडते असे धरून चालणे. बँक उत्पन्न, चालू हप्ते आणि आधीच्या परतफेडीचा इतिहास पाहते. आई-वडिलांचे आजारपण किंवा मुलांचे पुढचे शिक्षण तिच्या तक्त्यात नसते. खरेदीच्या आधी सहा महिने संभाव्य हप्ता आणि सध्याचे भाडे यांतील फरक दरमहा वेगळ्या खात्यात टाकून पाहावा. त्या खात्याला वारंवार हात लावावा लागला, तर घराची रक्कमच कमी धरणे भाग आहे.

अशा वेळी अनेक जण रक्कम तशीच ठेवून मुदत वाढवतात. ९ टक्के दराने २० वर्षांत मुद्दलाच्या सुमारे २.१६ पट रक्कम भरावी लागते. मुदत ३० वर्षे केल्यास हप्ता जेमतेम साडेदहा टक्क्यांनी उतरतो, पण एकूण परतफेड सुमारे २.९ पटींवर जाते. दर बदलता असेल तर आणखी एक हिशेब करावा. ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाचा दर सुरुवातीलाच ९ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० महिन्यांचे कर्ज सुमारे ३०४ महिने चालते. हप्ता वाढला नाही या समाधानात हे सहसा ध्यानात येत नाही.

सगळी शिल्लक कर्जाव्यतिरिक्त स्वतः भरायच्या रकमेत ओतणे हीदेखील चूकच. दस्तनोंदणी, वकील, दुरुस्ती, सामानाची ने-आण आणि ताबा मिळेपर्यंतचे भाडे यांसाठी वेगळी तरतूद हवी. शिवाय बँकेने केलेले मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी निघाले, तर कर्ज सहसा त्या कमी आकड्यावर मिळते आणि मधली तफावत आपल्यालाच भरावी लागते.

क्रेडिट अहवाल, म्हणजे आपल्या कर्जांची व परतफेडीची नोंद, अर्जाच्या काही महिने आधी मागवावा, कारण फेडलेले कर्ज त्यात चालू दिसत असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो. मंजुरी मिळाल्यानंतर आणि रक्कम हाती येण्यापूर्वी नव्या गाडीसाठी कर्ज काढणे तर निव्वळ अविचार आहे.

घर पाहताना क्षेत्रफळ भिंतींच्या आतले आहे की सामाईक जागा धरून, हे विचारावे. एकाच खोलीच्या एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर त्यामागे ओल आहे का ते तपासावे.

मालकीची साखळी (घर कोणाकडून कोणाकडे आले) आणि मालमत्तेवरील बोजा (तिच्यावरचे कर्ज किंवा इतरांचा हक्क) आपल्या वकिलाकडून तपासून घ्यावा. विक्रेत्याने सुचवलेला वकील कितीही भला असला तरी या कामी नको. इसार देताना कर्ज नाकारले गेल्यास किंवा मालकीत दोष निघाल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे लेखी करारात घालावे. घाईत इसार आधीच दिला असेल, तर पुढचा पैसा थांबवून हीच अट दोघांच्या सह्यांनिशी पुरवणी करारात घेण्याचा आग्रह धरावा, आणि विक्रेता टाळाटाळ करू लागल्यास हाती असलेल्या पावत्या व संदेश घेऊन लगेच वकील गाठावा.